घटातली माती देवीची, सातबारा कुणाचा?

आश्विन शुद्ध प्रतिपदेला गावोगाव घट बसतात. त्यासाठी घरातली बाई नाहीतर पोरगी शेतात जाते आणि पाटीभर काळी माती घेऊन येते. पत्रावळीवर किंवा परडीत ती माती पसरायची. त्यात गहू, ज्वारी, जव, मका, हरभरा, करडई असे पाच-सात जातींचे धान्य पेरायचे. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वर विड्याची पाने आणि नारळ. कोऱ्या घटातून पाणी झिरपत राहते, माती ओली राहते आणि तिसऱ्या-चौथ्या माळेला कोंभ वर येतात. दसऱ्याला हाच तुरा गडीमाणसे पागोट्यात, टोपीत खोवतात आणि सोने लुटायला निघतात.

शहरातले नवरात्र मांडवाचे आणि रोषणाईचे असते. खेड्यातले नवरात्र मातीचे असते. मूर्ती नसली तरी घट बसतो, पण माती, पाणी आणि बी यांच्यावाचून बसत नाही. जाणती माणसे या कोंभांवरून बियाण्याची पारख करतात. रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर किंवा चालू असते, मागून हरभरा आणि गहू यायचा असतो. कोणते धान्य दाट उगवले, कोणते मागे राहिले, हे नऊ दिवसांत डोळ्यांसमोर दिसते. कृषी खाते आता शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायला सांगते. घटाच्या परडीत मोजदाद नसते, पण बी जिवंत आहे की मेलेले, एवढे तिथेही कळते.

हिंदू धर्मात ज्याला शक्ती म्हणतात तिचे शेतकऱ्याला कळणारे रूप हे असे आहे. निर्जीव दिसणाऱ्या ढेकळातून हिरवा कोंभ काढणारी ती शक्ती, आणि तिला आपण बाईचे रूप दिले, आई म्हटले. मग एक साधा प्रश्न उरतो. ज्या मातीला आपण नऊ दिवस आई म्हणून पुजतो, तिच्या सातबाऱ्यावर घरच्या बाईचे नाव किती ठिकाणी आहे?

पोथीतली शक्ती

देवीची थोरवी सांगणारा सगळ्यांत मान्यतेचा ग्रंथ म्हणजे देवीमाहात्म्य, अर्थात सप्तशती. मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय आणि सातशे श्लोक. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्याही फार आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाक् आंभृणी या ऋषिकेच्या नावाने एक सूक्त आहे. त्यात देवी स्वतःच बोलते. लोक अन्न खातात ते माझ्यामुळे, असे ती तिथे सांगते.

महिषासुराची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. रेड्याच्या रूपातला असुर देवांना आवरेना, तेव्हा सगळ्या देवांचे तेज एकत्र झाले आणि त्यातून देवी प्रगटली. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, हिमालयाने सिंह. ही गोष्ट ऐकून पुष्कळांना वाटते, की देवीची ताकद म्हणजे देवांनी दिलेली उसनवारी. पोथीनेच पुढे या समजाला उत्तर दिले आहे. शुंभ नावाचा असुर देवीला हिणवतो, की तू दुसऱ्यांच्या जिवावर लढतेस. त्यावर ती म्हणते, की या जगात मी एकटीच आहे, दुसरी कोण आहे? आणि तिच्यासोबत लढणाऱ्या सगळ्या देवता तिच्यातच विरून जातात. शक्ती मुळात तिचीच, देव तिच्या जोरावर चालतात, असा हा विचार आहे. शक्तीवाचून शिव म्हणजे शव, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अर्थाने.

याच ग्रंथात शेतकऱ्याच्या जिवाभावाची एक गोष्ट आहे. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, तेव्हा मी माझ्या अंगातून भाजीपाला उगवून लोकांना जगवीन, असे देवी वचन देते. ती शाकंभरी. पौष महिन्यात अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचे नवरात्र असते आणि तुळजापुरात ते थाटाने होते. दुष्काळात राबणाऱ्या मराठवाड्याच्या देवीचा हा उत्सव भाजीपाल्याच्या नावाने व्हावा, यात नवल नाही.

साडेतीन पीठे

महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे मानतात. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धे. सप्तशृंगी अठरा हातांची, हत्यारे घेतलेली. माहूरला नुसता मुखवटा. तुळजाभवानी अष्टभुजा, महिषासुराला मारणारी आणि छत्रपती शिवरायांची कुलदेवता. नवरात्राच्या आधी तुळजाभवानीची निद्रा असते, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा आणि पौषात तिसऱ्यांदा. देवी लढते म्हणून दमते, दमते म्हणून तिला पलंगावर विसावा देतात. देवीलाही विसावा लागतो, हे भक्तांना मान्य आहे.

तुळजापूरची स्थळकथा अशी आहे. कर्दम ऋषी वारले. त्यांची बायको अनुभूती सती जायला निघाली, पण पदरात लहान लेकरू होते. ती मागे राहिली आणि मंदाकिनीच्या काठी तप करू लागली. कुकर नावाच्या दैत्याने एकट्या बाईला गाठले. तिने हाक मारली आणि देवी त्वरेने धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरितेची तुरजा झाली आणि तुरजेची तुळजा. नवरा गेलेल्या, लेकरू सांभाळणाऱ्या एकट्या बाईच्या हाकेला आलेली ही देवी आहे. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला आणि मागे लेकरे घेऊन बाई उरली, अशी घरे मराठवाड्यात आणि विदर्भात कमी नाहीत. तुळजापूरच्या वाटेवर पायी जाणाऱ्यांनी ही कथा जरूर आठवावी.

वेशीवरची आणि विहिरीवरची

मोठ्या देवळांच्या पलीकडे गावागावांत देवीची ठाणी आहेत. वेशीवर मरीआई, शिवारात लक्ष्मीआई, विहिरीच्या काठी साती आसरा. साती आसरा म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड एका ओळीत. नवे पाणी लागले की बाया तिथे खण-नारळ आणि हिरव्या बांगड्या वाहतात. कोण्या शिल्पकाराने यांना घडवलेले नाही आणि बहुतेक ठिकाणी पुजारीही नसतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवून अशा ठाण्यांचा अभ्यास केला. १९६२ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात या आयांवर आणि बायांवर सविस्तर लिहिले आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात रेणुकेचा मुळापासून शोध घेतला. रेणू म्हणजे मातीचा कण, आणि रेणुका म्हणजे मातीच. वारूळ हे भूमीचे रूप मानून पुजायची रीत दक्षिणेत फार जुनी आहे. गोव्यात सातेरी देवीची पूजा आजही वारुळाच्या रूपात होते. नागपंचमीला आपल्या बाया वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातात, त्याही याच नात्यातल्या.

देवी हा शब्द आपण रोगालाही दिला होता. अंगावर फोड उठले की पोराला देवी आल्या, असे म्हणत. लस टोचायला आलेल्या माणसाला देवी काढणारा म्हणत. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. रोग गेला, शब्द राहिला. लिंबाचा पाला अंथरून, रात्र रात्र जागून त्या पोरांची शुश्रूषा करणारी घरची बाईच असे.

लातूर, धाराशिव आणि सोलापूर भागात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या सगळ्यांना माहीत आहे. कडब्याची कोप, आत पाच पांडव आणि लक्ष्मी, भज्जी, आंबील, उंडे आणि शिवारभर आंबिलीचे शिंपण. रब्बी पोटऱ्यात आलेली असते. जमीन गर्भार आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, असा या सणाचा भाव सांगतात.

आदर कुणाचा आणि विटाळ कुणाचा

ओडिशात मृगाच्या सुमारास रज नावाचा सण असतो. या तीन दिवसांत धरणी रजस्वला असते, असे मानतात. म्हणून नांगर चालत नाही, माती उकरत नाहीत, बायका-पोरी कामे सोडून झोपाळ्यावर झोके घेतात. आसामात कामाख्येचे देऊळ याच कारणाने आषाढात तीन दिवस बंद असते आणि चौथ्या दिवशी दर्शनाला लाखोंची रीघ लागते. आपल्याकडे उलट आहे. घरात घट बसले की बाहेरची झालेली बाई कोपऱ्यात. माती तिने आणलेली, धान्य तिने निवडलेले, आणि त्या चार दिवसांत तिची सावलीही घटावर पडू द्यायची नाही. सुपीकपण ही शक्ती असेल, तर त्याच्या खुणेचा विटाळ कसा, असे कामाख्येच्या भक्ताने विचारले तर आपण काय सांगणार?

मंगळवारी-शुक्रवारी देवीच्या ठाण्यावर बाईच्या अंगात येते, हे चित्र गावाला नवे नाही. एरवी चार माणसांत जिचा शब्द कुणी विचारत नाही, तिच्यापुढे घरातले थोर हात जोडतात. "आई, काय चुकलं आमचं?" असे विचारतात. ती रागावली तर ऐकून घेतात. वारे उतरले की तीच बाई दुसऱ्या दिवशी खुरपे घेऊन रोजाने जाते. तिचे ऐकायला गावाला देवीचे निमित्त का लागते, याचा विचार गावानेच करायचा आहे.

देवीच्या नावाने बाईचे नुकसानही झाले. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या सीमाभागात पोरींना यल्लम्माला सोडायची रीत होती. जट आली म्हणून, नवस म्हणून, बहुतेक वेळा गरिबीपायी. दर्शन घेऊन सौंदत्तीहून घरी परतणारे लाखो, पण सोडलेल्या पोरीला परतायला घर उरत नसे. १९३४ साली मुंबई प्रांतात आणि २००५ साली महाराष्ट्रात या प्रथेविरुद्ध कायदा झाला. मुलीला देवीची म्हणायचे आणि तिचे माणूसपण काढून घ्यायचे, हा त्या प्रथेचा व्यवहार होता.

माहेरवाशीण गौर

भाद्रपदात गौरी येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. कुठे तेरड्याची गौर, कुठे पाणवठ्यावरचे खडे, कुठे मुखवटे. देवी इथे सिंहावर बसत नाही, ती लेक म्हणून माहेरी येते. लक्ष्मीच्या पावलांनी ती घरभर फिरते, कणगी, गोठा, तिजोरी सगळे तिला दाखवतात. "काय आहे?" म्हणून विचारायचे आणि "उदंड आहे" म्हणून सांगायचे. पुरणपोळी होते, ओटी भरली जाते आणि तिसऱ्या दिवशी तिला निरोप.

खरी लेकही अशीच येते आणि अशीच जाते. तिला शेत दाखवतात, हुरडा खायला बोलावतात, चोळी-बांगडी करतात. बाप गेला की भाऊ तिला हक्कसोडपत्रावर सही करायला नेतात. न केली तर माहेर तुटते, भाऊबीज बंद होते, या धाकाने ती सही करते. यातले कित्येक भाऊ मनाने वाईट नसतात. जमीन दोन-चार एकर, त्यात वाटे, हा त्यांचा घोर खोटा नाही. पण बहिणीला हक्क आहे हे समजून तिने आनंदाने सोडणे वेगळे, आणि तिला कागद वाचूही न देता अंगठा घेणे वेगळे.

नांगराच्या तासातली सीता

सीता या शब्दाचा अर्थ नांगराचा तास. जनकाला ती नांगरताना सापडली. भूमीची लेक आणि शेवटी भूमीच्याच पोटात गेली. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात रावेरी हे गाव आहे, तिथे सीतेचे देऊळ आहे. रामाने सोडल्यावर ती इथे राहिली, लेकरांसाठी तिने पसाभर गहू मागितला, गावाने दिला नाही आणि तिच्या शापाने तिथे गहू पिकेना, अशी तिथली दंतकथा. टाकलेल्या बाईची ही कथा शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांना भिडली आणि त्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम त्यांनी मनावर घेतले.

जोशी यांच्या संघटनेचे महिला अधिवेशन १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड येथे झाले. खेड्यापाड्यांतून लाखो बाया आल्या. त्यानंतर काही वर्षांत संघटनेने लक्ष्मी मुक्तीची हाक दिली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा आपण होऊन बायकोच्या नावे करायचा. घरच्या लक्ष्मीच्या कष्टांचे ऋण फेडायचे, ही त्यामागची भूमिका. ज्या गावात शंभर घरांनी हे केले ते लक्ष्मी मुक्ती गाव. कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरातले कर्ज फेडावे, हे बोलणे पुष्कळांना पटले आणि हजारोंनी ते केले. १९९२ साली राज्य शासनानेही परिपत्रक काढले. पतीने स्वखुशीने अर्ज केला, तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागू शकते.

कायदा पुढे, गाव मागे

कायद्याने बराच पल्ला गाठला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क देशभर आला आणि लग्नाची अट गेली. २००५ साली बाप हयात होता की नव्हता, यावरून वाद चालले होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवले. मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, असा निकाल दिला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचा निर्णयही राज्याने केला.

शेतात काय दिसते? देशात ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या दर चार स्त्रियांमधल्या तीन शेतीत आहेत. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, लावणी, जनावरांची वैरण ही कामे त्यांच्या हातची. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीखालच्या खात्यांपैकी बायकांची खाती सुमारे १४ टक्के निघाली. कागदावर नाव नसले की पीककर्जाला, अनुदानाला, गारपिटीच्या भरपाईला तिला दुसऱ्याच्या सहीकडे पाहावे लागते. नवरा गेला आणि जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल, तर ती राबते एका शेतात आणि हेलपाटे घालते कचेरीत.

बी राखायचे कामही बाईचेच. राख लावून, लिंबाचा पाला घालून, कणगीत किंवा मडक्यात वाण जपायचे ज्ञान तिने पिढ्यान्पिढ्या सांभाळले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना लोक बीजमाता म्हणतात, त्या याच ज्ञानामुळे. देशी वाणांची बँक त्यांनी उभी केली आणि २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घटात पेरलेल्या धान्याचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळेल?

शक्तीची पूजा आणि बाईचा हक्क यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आपल्या रीतींनीच जोडला आहे. माती म्हणजे आई, बी राखणारी म्हणजे लक्ष्मी, लेक म्हणजे गौर, हे आपण रोज बोलतो. बोलण्यातला मान खरा असेल, तर तो कचेरीतल्या दप्तरातही उतरला पाहिजे. देवीला साडी-चोळी वाहणे सोपे असते, कारण ती वाटा मागत नाही. खरी कसोटी वाटा मागू शकणाऱ्या बाईपाशी लागते.

करायचे काम अवघड नाही. या नवरात्रात घटाची माती ज्या गटातून आणाल, त्या गटाचा उतारा काढून पाहावा. खातेदारांची नावे घरच्या बायांना वाचून दाखवावीत. स्वतःच्या नावावर जमीन असेल, तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचा अर्ज तलाठी कार्यालयात द्यावा आणि फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा. वारसनोंद करताना आई, विधवा भावजय आणि बहिणी यांपैकी कोणाचे नाव सुटले नाही ना, हे पाहावे. बहिणीला वाटा सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र आधी तिला वाचू द्यावे, समजावून सांगावे आणि मग तिच्या मनाप्रमाणे होऊ द्यावे. ग्रामसभेतही हा विषय घेता येईल. लक्ष्मी मुक्तीला शंभर घरे लागत होती. आज एका गावात दहा घरांनी सुरुवात केली, तरी पुढच्या घटाला फरक दिसेल.